वादग्रस्त कादंबरी, फसलेला चित्रपट: वाचनमंडळं, ग्रंथालयं आणि लेखकांना पडणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या ग्रंथालयांत, महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांत आणि घरगुती वाचनकट्ट्यांवर एखाद्या गाजलेल्या, वादात सापडलेल्या कादंबरीवर चर्चा ठेवायची म्हटलं की ठरावीक प्रश्न येतात. तिच्यावरचा चित्रपट पडलेला असेल तर आणखी येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. करार आणि कायद्याचे प्रश्न शेवटाकडे आहेत. ज्यांच्याकडे निर्माता येऊन बसला आहे त्यांनी थेट तिथे जावं.

आधी कादंबरी वाचावी की आधी चित्रपट पाहावा?

आधी कादंबरी. चित्रपट एकदा पाहिला की पात्रांना नटांचे चेहरे चिकटतात आणि ते पुन्हा सुटत नाहीत. पडलेल्या चित्रपटाच्या बाबतीत नुकसान दुप्पट होतं. वाचक पुस्तकाला त्या चित्रपटाच्या मापाने मोजतो आणि पन्नासाव्या पानावर ठेवून देतो. चित्रपट आधीच पाहिलेला असेल तर मध्ये महिनाभर जाऊ द्या आणि पहिली चाळीस पानं एका बैठकीत वाचा. निवेदकाचा आवाज कानात बसायला तेवढी पानं लागतात.

‘पुस्तकासारखा नाही’ म्हणजे चित्रपट फसला का?

नाही. या गैरसमजापायी कितीतरी चर्चा वाया जातात. आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ (१९५८) घ्या. तिच्यावरून एकाच नायक-नायिकेला घेऊन दोन चित्रपट निघाले, एक इंग्रजी आणि एक हिंदी. इंग्रजीची पटकथा पर्ल बक यांच्यासारख्या नोबेलविजेत्या लेखिकेच्या हातची होती, तरी तो साफ पडला. विजय आनंद यांचा हिंदी ‘गाइड’ (१९६५) लोकांनी डोक्यावर घेतला. मूळ कादंबरीपासून हिंदी चित्रपटही लांब गेला होता. लेखकाचं काल्पनिक गाव मालगुडी गेलं आणि राजस्थान आलं. नारायण यांनी त्याबद्दलची नाराजी लपवली नाही. कादंबरीतला नायिकेचा नवरा फक्त आपल्या संशोधनात बुडालेला, बायकोकडे लक्ष नसलेला माणूस आहे. हिंदी चित्रपटात तो बाहेरख्यालीही दाखवला, कारण विवाहित स्त्रीने घर सोडणं त्या काळच्या प्रेक्षकाच्या गळी उतरवायचं होतं.

शेवटही बदलला. कादंबरीत नायक राजू पावसासाठी केलेल्या उपासाने खचून पाण्यात उभा आहे, डोंगरात पाऊस पडतोय असं म्हणतो आणि कोसळतो. पाऊस खरंच आला का, हे लेखक सांगत नाही. चित्रपटात धो धो पाऊस पडतो. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या किंवा घरात ऐकलेल्या मराठवाड्यातल्या वाचकांपुढे हे दोन्ही शेवट ठेवा आणि विचारा, खरा कोणता? चर्चा तासभर थांबत नाही.

तेव्हा फसला की नाही हे ठरवताना बदल किती केले ते मोजू नका. बदल करून चित्रपटाने स्वतःचं काही उभं केलं का, ते पाहा.

मग कादंबरीवरचे चित्रपट नेमके कुठे फसतात?

बहुतेक वेळा कागदावरच. आधी हिशेब पाहा. तीनशे पानांच्या मराठी कादंबरीत साधारण ऐंशी ते नव्वद हजार शब्द असतात. ती मोठ्याने वाचायला नऊ-साडेनऊ तास लागतात. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. सव्वादोन तासांच्या चित्रपटाला १३५ पानं मिळतात आणि त्यांत निम्मी जागा मोकळी असते. म्हणजे कादंबरीतला मोठा भाग जाणारच. काय जाणार, यावर सगळं अवलंबून आहे.

पहिली चूक: घटना ठेवल्या, निवेदक टाकून दिला. वादग्रस्त कादंबरीत तर सगळी ताकद कोण सांगतंय यातच असते. निवेदक खोटं बोलतो, स्वतःला फसवतो, आपल्या जातीचा किंवा घराचा पूर्वग्रह नकळत उघडा करतो, आणि वाचकाला ते कळत जातं. पडद्यावर तोच प्रसंग नुसता दाखवला की पूर्वग्रह निवेदकाचा न राहता चित्रपटाचा वाटू लागतो. पुस्तकातली टीका पडद्यावर समर्थन होऊन बसते ती अशी. यावर पार्श्वभूमीला निवेदनाचा आवाज लावणे हा स्वस्त उपाय आहे. दहा मिनिटांच्या वर तो चालला की प्रेक्षकाला गोष्ट ऐकवली जातेय, दिसत नाहीये, असं वाटतं.

दुसरी चूक: सगळंच घेण्याचा हव्यास. तीन पिढ्यांची कथा सव्वादोन तासांत कोंबली की प्रत्येक प्रसंगाला दीड मिनिट येतं. पात्र मरतं तेव्हा प्रेक्षकाला त्याचं नावही आठवत नाही.

तिसरी चूक भीतीची. वाद होईल म्हणून धार बोथट करायची, आडनावं बदलायची, गावाचं नाव काढायचं, शेवटी समेट घालायचा. कादंबरी ज्यांना आवडली होती ते नाराज होतात, आणि ज्यांचा विरोध होता ते चित्रपट न पाहताच विरोध करतात. दोन्ही प्रेक्षक हातचे जातात. याच्या उलटही घडतं. वादाचा बाजार करायचा म्हणून पुस्तकात अर्ध्या पानात उरकलेला प्रसंग चित्रपटात आठ मिनिटं चालतो, आणि जाहिरातीत तेवढाच दिसतो. आमच्या मते दोन्हींत ही दुसरी तऱ्हा जास्त वाईट, कारण तिने पुस्तकाचंही नाव कायमचं खराब होतं.

लेखकानेच पटकथा लिहिली तर चित्रपट वाचतो ना?

खात्री नाही. सलमान रश्दी यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ला १९८१चं बुकर मिळालं. त्यातल्या एका वाक्यावरून इंदिरा गांधींनी बदनामीचा दावा लावला आणि ते वाक्य काढलं गेलं. पुढे बीबीसीची मालिका श्रीलंकेने परवानगी मागे घेतल्याने बारगळली. २०१२ साली दीपा मेहता यांनी चित्रपट केला, तेव्हा पटकथा रश्दींची होती आणि पडद्यावरचं निवेदनही त्यांच्याच आवाजात. तरी समीक्षकांचा प्रतिसाद थंडच राहिला. त्या कादंबरीचा जीव निवेदक सलीमच्या बडबडीत, आडवळणांत आणि चुकीच्या आठवणींत आहे. त्या वळणांचा सरळ रस्ता केला की उरते ती एका घराची आणि देशाची घटनावली. लेखकाला आपली वाक्यं जपायची असतात. पटकथेला मात्र वाक्यं टाकून त्यांच्या जागी चित्र शोधावं लागतं. फार थोड्या लेखकांना हे दोन्ही जमतं.

पुस्तक वर्षानुवर्षं कोणी हटकलं नाही, चित्रपट आला की मोर्चे कसे?

याचं जवळचं उदाहरण पैठणचं आहे. बाबा भांड यांची ‘दशक्रिया’ गोदाकाठच्या अंत्यविधींवर आणि त्यावर चालणाऱ्या अर्थकारणावर आहे. पुस्तक अनेक वर्षं शांतपणे वाचलं गेलं. २०१७ साली संदीप पाटील दिग्दर्शित चित्रपट यायच्या वेळी ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. तोवर त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता.

कारण साधं आहे. पुस्तक एकेकटा माणूस वाचतो, तीनशे पानं ओलांडून आक्षेपाच्या जागेपर्यंत पोचतो. चित्रपटाची झलक (ट्रेलर) दोन मिनिटांची असते आणि एका दुपारी सगळ्यांच्या फोनवर जाते. झलकीत संदर्भ नसतो. वाद झालाच तर तो कादंबरीवर आहे, चित्रपटावर आहे की झलकीवर, हे चर्चेच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर ‘झलकीवर’ असं येतं.

मराठवाड्यातली कादंबरी पडद्यावर परकी का वाटते?

बोलीमुळे. चित्रपटातलं ‘ग्रामीण’ मराठी बहुधा कोल्हापूर-साताऱ्याच्या वळणाचं असतं, ‘करतुया’, ‘जातुया’. लातूर, धाराशिव, बीडकडे माणूस ‘काय करायलास?’ म्हणतो, ‘जेवायलोय’ म्हणतो. नांदेडकडे ‘काय करू लालास?’ ऐकू येतं. निजामाच्या राजवटीने उर्दूचे शब्द घरात आणून ठेवलेत, तेही पटकथेत गळतात. ज्या कादंबरीत बोलीच माणसाची जात, तालुका आणि शिक्षण सांगते, तिथे बोली बदलली की अर्धं पात्र गेलं. संवादांचा कच्चा मसुदा त्याच तालुक्यातल्या दोन-तीन वयस्कर माणसांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. एक दिवसाचं काम आहे, आणि ते चित्रीकरणाआधी व्हायला हवं. डबिंगच्या वेळी क्रियापदं बदलता येत नाहीत, ओठ जुळत नाहीत.

वाचनमंडळात असा विषय कसा घ्यावा?

पाच ते सहा आठवड्यांचा घ्या. तीनशे पानांची कादंबरी असेल तर आठवड्याला साठ पानं, म्हणजे पाच बैठका पुस्तकाच्या आणि सहावी चित्रपटाची. पंधरा माणसांसाठी निदान पाच प्रती लागतात, म्हणजे तीन जणांत एक. त्याहून कमी प्रती असल्या की तिसऱ्या बैठकीपर्यंत निम्मे लोक न वाचता येतात, आणि न वाचलेला माणूसच सगळ्यांत मोठ्याने बोलतो.

महिने पाहून ठरवा. जून-जुलैत पेरण्या असतात, सप्टेंबर अखेरपासून सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी. दसऱ्या-दिवाळीनंतर बीडकडची कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. ऑगस्ट किंवा जानेवारी-फेब्रुवारी बरा. मार्चनंतर परीक्षा आणि ऊन.

बैठक दोन तासांची पुरे. एक नियम आधीच फळ्यावर लिहून ठेवा: ज्या उताऱ्यावर आक्षेप आहे त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा पानं वाचून दाखवल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही. हा नियम कडक पाळला तर भांडण बहुतेक होत नाही. बोलायची पाळी गोलात फिरवा, प्रत्येकाला चार मिनिटं. बायका आणि तरुण मुली आधी बोलतील असा क्रम ठेवा. वादग्रस्त कादंबऱ्यांतला वाद बहुधा त्यांच्याच शरीरावरून झालेला असतो आणि चर्चेत त्यांनाच शेवटची पाच मिनिटं मिळतात.

सहाव्या बैठकीत चित्रपट पूर्ण दाखवायलाच हवा असं नाही. पुस्तकातले तीन प्रसंग निवडा. आधी उतारा वाचा, मग तो प्रसंग पाहा, मग काय गेलं आणि काय आलं ते दोन रकान्यांत लिहा.

ग्रंथालयात चित्रपट दाखवायला परवानगी लागते का?

लागते. घरच्या ओटीटी वर्गणीवर किंवा विकत घेतलेल्या डीव्हीडीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही, तिकीट नसलं तरी. निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून लेखी परवानगी घ्या. जुन्या, पडलेल्या चित्रपटांना ती बऱ्याचदा सहज मिळते, पण पत्रात तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षकसंख्या आणि ‘प्रवेश विनामूल्य’ हे लिहा. महाविद्यालयांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ खाली सूट आहे: शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात, प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी निगडित माणसंच असतील तर चालतं. म्हणून सार्वजनिक ग्रंथालयाने महाविद्यालयाला बरोबर घेतलं तरी बाहेरच्या प्रेक्षकांसाठी ही सूट चालत नाही.

खेळ मैदानात असेल तर लाउडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून काढा. रात्री १० नंतर तो बंद. वीज जाईल हे धरूनच चाला, प्रोजेक्टर आणि स्पीकर दोन्ही ओढेल असा इन्व्हर्टर ठेवा.

उतारे वाचून दाखवले, झेरॉक्स वाटल्या, पीडीएफ टाकली तर?

प्रकाशित पुस्तकातले वाजवी लांबीचे उतारे जाहीरपणे वाचायला कायदा परवानगी देतो. अख्खी कादंबरी झेरॉक्स करून वाटणं आणि ग्रुपवर पीडीएफ टाकणं हा कॉपीराइटचा भंग आहे. मराठी कादंबरीची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींची असते. त्यातल्या पन्नास प्रतींचं गिऱ्हाईक एका फाइलने जातं.

कोणी निवेदन घेऊन आलं, ‘कार्यक्रम बंद करा’ म्हणालं तर?

निवेदन घ्या, पोच द्या, तारीख-वेळ लिहा. तिथल्या तिथे वाद घालू नका आणि कार्यक्रम रद्द केल्याचंही तोंडी सांगू नका. कार्यकारिणीची बैठक घेऊन लेखी उत्तर द्या. त्यांच्यातल्या दोघांना पुढच्या बैठकीला वाचक म्हणून बोलवा, आधीची-नंतरची दहा पानं वाचण्याचा वरचा नियम त्यांनाही लागू. धमकी असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एस. रंगराजन प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट निदर्शनांच्या धमकीमुळे थांबवता येत नाही, सुव्यवस्था राखणं हे सरकारचं काम आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०१६ साली तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्या कादंबरीच्या प्रकरणात म्हटलं की पुस्तक आवडत नसेल तर ते न वाचण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. दोन्ही निकालांची पहिली पानं छापून फाइलला लावून ठेवा.

पुस्तकावर बंदी नेमकी कोण घालतं? खटला किती चालतो?

संघटना नाही, तहसीलदार नाही. पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करण्याचा आदेश राज्य सरकार काढतं, कारणं देऊन. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली. त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. तिथे तीन न्यायाधीशांचं पीठ बसतं. ही मुदत हुकवू नका.

फौजदारी खटला ही वेगळी गोष्ट, आणि ती फार लांबते. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधींवरची कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात छापली गेली. गुन्हा लातूरला नोंदला गेला, प्रकरण खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल २०१५ साली आला. अंक काढणाऱ्याने आधीच माफी मागितली होती म्हणून तो सुटला, कवीवरचा अश्लीलतेचा खटला कायम राहिला. एकवीस वर्षं! प्रकाशकाशी करार करताना ‘खटल्याचा खर्च कोण करणार’ हे कलम का हवं, ते यावरून कळावं.

सेन्सॉरचं आता काय बदललंय?

२०२३च्या दुरुस्तीने यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या) वर्गाचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. प्रमाणपत्र आता दहा वर्षांऐवजी कायमचं असतं. तपासणी समितीचा निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती, त्यानंतर थेट उच्च न्यायालय. मधलं अपील न्यायाधिकरण २०२१मध्ये बंद झालं. त्यामुळे छोट्या निर्मात्याचा खर्च आणि वेळ दोन्ही वाढले, आणि तो न भांडता कापाकापी मान्य करतो. कादंबरीतला कळीचा प्रसंग चित्रपटात का नाही, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

माझ्या कादंबरीवर चित्रपट करायचा म्हणून निर्माता आलाय. काय पाहू?

आधी स्वतःचा प्रकाशकाशी झालेला जुना करार काढा. ‘सर्व हक्क’ प्रकाशकाला दिलेत का? तसं असेल तर चित्रपटाचे हक्क तुमच्याकडे उरलेले नसतील, आणि हे सही झाल्यावर कळतं तेव्हा दोघांशीही भांडण होतं. लेखक हयात नसतील तर मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांचे असतात. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, एका मुलाची पुरत नाही.

मग निर्मात्याचा मसुदा. तोंडी शब्दाला कायद्यात किंमत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीचंच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणखी एक तरतूद लेखकाच्या फार कामाची आहे: मिळालेले हक्क निर्मात्याने वर्षभरात वापरले नाहीत तर ते संपतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून छापील मसुद्यांत ‘कलम १९(४) लागू होणार नाही’ अशी ओळ घुसवलेली असते. ती शोधा आणि खोडा, किंवा फार तर अठरा महिने द्या. नाहीतर कादंबरी कुणाच्या तरी कपाटात दहा वर्षं पडून राहते.

चित्रपट, वेबमालिका, पुढचा भाग, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती हे चार वेगळे हक्क आहेत, चारांचे वेगळे आकडे लावा. पैसे तीन हप्त्यांत: सहीला, चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाआधी, आणि प्रदर्शनाआधी. ‘नफ्यातला वाटा’ यावर विसंबू नका. पडलेल्या चित्रपटाला नफा नसतो, आणि चाललेल्याचाही हिशेबात फार क्वचित दिसतो. पटकथेचा अंतिम मसुदा वाचायला पंधरा दिवस, आणि नाव काढून घेण्याचा हक्क, ही दोन कलमं पैसे थोडे कमी घेऊनही मिळवा.

सही झाली, चित्रपटाने कादंबरीचा विपर्यास केला. आता?

हक्क विकले तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७चा विशेष हक्क लेखकाकडे राहतो: प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर दाद मागता येते. मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’वरच्या चित्रपटाबद्दल हाच मुद्दा घेऊन १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. माध्यम बदलताना लागणारे बदल दिग्दर्शक करू शकतो, पण कृतीचा मूळ आशय विकृत करू शकत नाही, अशी त्या निकालाची दिशा आहे. शेवटी तडजोड झाली, लेखिकेचं आणि कादंबरीचं नाव चित्रपटातून निघालं. प्रदर्शनाआधी गेलात तर जास्त उपयोग. नंतर बहुधा भरपाईच उरते.

‘माझ्या कादंबरीची कल्पना चोरली’ असा दावा टिकतो का?

नुसत्या कल्पनेवर नाही. आर. जी. आनंद प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. प्रसंगांचा क्रम, पात्रांची घडण, संवाद यांत ठळक साम्य दाखवावं लागतं. पान क्रमांक आणि चित्रपटातलं मिनिट असे दोन रकाने करून वकिलाकडे जा.

चित्रपट पडला. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीवर त्याचं चित्र घ्यावं का?

घेऊ नका. चित्रपटातलं छायाचित्र निर्मात्याच्या मालकीचं असतं, त्याची वेगळी परवानगी लागते, आणि सहा महिन्यांत ते शिळं दिसतं. प्रकाशकाला जुनंच मुखपृष्ठ ठेवायला सांगा. चित्रपट आल्याच्या महिन्यात, तो कसाही असो, दुकानांत पुस्तकाची विचारणा वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी प्रती संपलेल्या असतात. म्हणून प्रदर्शनाच्या तारखेआधी दोन महिने छपाईला द्या आणि संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या विक्रेत्यांकडे प्रती आधीच पोचवा.